चारास एक

मुजावर भाव सांगून गेला : अठ्ठावीस रुपये,
रोख, उद्या सातला टेम्पो बांधावर.
मी लाइट बिलाच्या पाठीवर मांडायला बसले.

चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा.
म्हणजे डावीकडं एकशे बारा.
उजवीकडं एकशे पासष्ट,
गुरुवारच्या सांगलीच्या सौद्यात निघालेला, हिरव्या मालाला,
आपला हिरवाच उतरेल असं धरून.
त्यातून झांबऱ्यांच्या शेडचं भाडं,
डिपिंगचं तेल, पावडर,
तोडणीच्या बायका (मुजावर नेतो तेव्हा त्याच्या तो आणतो),
मळणी, निवड, बॉक्स, कोल्ड स्टोरेज.
चौतीस.
राहतात एकोणीस.

भानुदास म्हणाला, छाटणी धर की.
डाऊनीची औषधं धर.
त्या पावसात रात्री दोनला चालवलेला ब्लोअर धर.
म्हटलं, ते दोन्हीकडं सारखंच.
विकलं तरी गेलं, वाळवलं तरी गेलं.
तो गप्पच झाला.
त्या रात्री ब्लोअरवर तोच होता, गुडघाभर चिखलात.
मी ते खर्चात लिहिलं नाही.
कागदाच्या कडेला लिहून ठेवलं,
कशात न धरता.

एकोणीस रुपये,
आणि पंधरा दिवस सावळजच्या आभाळाकडं मान वर करून.
एक ढग आला की माल लाल,
लाल झाला की एकशे वीस,
म्हणजे आहे ते विकलेलं बरं होतं.
हे आकड्यात कसं बसवायचं कळेना,
म्हणून उजवीकडच्या रकान्यात
एक ढग काढला, पोरं काढतात तसा.

दहाला बॅटरी घेऊन बागेत गेले.
मणी तोडून खाल्ला.
साल पातळ. साखर इतकी, की बोटं चिकटली
आणि बॅटरीचं बटण दाबता येईना.

सकाळी मुजावर आला, सातला पाच कमी.
कागद उचलून बघितला.
"वहिनी, हा ढग कितीचा?"
म्हटलं, तेवढंच तर ठरंना.
तो हसला. खिशातनं पेन काढून
अठ्ठावीस खोडलं, साडेएकोणतीस केलं.
ढगाचे दीड रुपये.

एकशे अठरा. राहतात तेरा.
टेम्पो बांधावर चालूच होता.
भानुदास दारात, माझ्याकडं न बघता,
झांबऱ्यांच्या शेडची किल्ली बोटात फिरवत.

चहा निवेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग मी हात पुढं केला
आणि किल्ली मागून घेतली.