मापपट्टी

पुलाच्या तिसऱ्या खांबावर एक पट्टी रंगवलेली आहे,
काळी, पांढरी, काळी, पांढरी.
सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला
मी तिच्यासमोर उभा राहतो
आणि गिरणा कुठवर आली ते वहीत लिहितो.
एकवीस वर्षं झाली.
बहुतेक दिवस मी शून्य लिहिलं आहे.
सुपडू महाजन चिडवतो,
'तुनं बरं शे तापीराम, तुनं शून्य पिकस.'

जळगावात कालवा समितीची बैठक झाली,
वह्यांचं गाठोडं घेऊन मीही मागे उभा होतो.
वरचे म्हणाले, आधी पिण्याचं.
खालचे म्हणाले, आमचं आवर्तन कोणी प्यालं?
एका आमदारांनी टेबलावर रिकामी बाटली उभी केली,
दुसऱ्यांनी ती आडवी केली.
कुणी नाशिकवाल्यांचं नाव घेतलं, कुणी मराठवाड्याचं,
मग नकाशा उलगडून
पश्चिमेचं पाणी निळ्या पेन्सिलीने पूर्वेला आणलं.
सह्याद्री पेन्सिलीला जराही टोचला नाही.
शिपाई तेवढा सगळ्यांना सारखं वाटत फिरला,
अर्धा-अर्धा ग्लास.

मंगळवारी साहेबांचा फोन.
उद्या अकराला जलपूजन आहे, पुलाखाली पाणी दिसलं पाहिजे.
रात्री वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या.
पहाटे चारला मी ऐकलं,
तापल्या तव्यावर कुणी ओंजळ शिंपडावी
तशी वाळू बोलली.

सहाला चाळीस सेंटिमीटर.
बाराला पासष्ट; नारळ, साडीचोळी, फेटे,
ड्रोनवाल्या पोराने नदीचे खालून वरून फोटो घेतले.
संध्याकाळी दहा.
गुरुवारी सकाळी वाळूवर झेंडूची माळ
आणि तिच्याभोवती दोन कुत्री.

सुपडूचं शेत चारीच्या टोकाला.
टोकाला म्हणजे असं,
पाणी सुटल्याची बातमी तिथे पोचते, पाणी पोचत नाही.
दादर पोटरीत आली होती.
त्याची सून कोकिळाबाई पाणी वापर संस्थेची सचिव,
सात नंबरचे अर्ज तिनेच भरले,
पट्टी गोळा केली, पावत्या फाडल्या,
चारीतला गाळ काढायला स्वतः फावडं घेऊन उतरली.
शनिवारी ती माझ्या खोलीच्या दारात उभी.
'साहेब म्हंतस तीन दिन पानी चाललं.
तुनी वही काय म्हनस?'

वही काही म्हणत नव्हती.
साहेबांनी सांगितलं होतं, तीनही दिवस पासष्ट धर.
मी धरलं नव्हतं, सोडलंही नव्हतं;
खरे आकडे होते,
पण पेन्सिलीने.
तिने पान पाहिलं, मला पाहिलं.
कमरेला खोचलेल्या पिशवीतून पावतीपुस्तकाचं पेन काढून
माझ्यासमोर ठेवलं
आणि पाठ वळवून बाहेर ओट्यावर बसली,
जणू लिहिणाऱ्याकडे बघू नये असा रिवाज आहे.

चाळीस, पासष्ट, दहा, शून्य.
शून्य गिरवायला सगळ्यात वेळ लागला.
तिने मोबाइलवर पानाचा फोटो काढला.
'चहा?' मी विचारलं.
'पानी शे का घरमा?' ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो,
फार नाही.

पुढच्या आठवड्यात पाचोऱ्याहून पेंटर आला.
पट्टी जुनी झाली, म्हणाला, नवी काढायची आहे.
खांबाच्या बुडाची वाळू उकरून
त्याने शून्य एक वीत खाली नेलं,
वर सुबक आकडे काढले, वाळू पुन्हा लोटली, चुना झटकला.
आता कोरड्या गिरणेची पातळी आहे
शून्य पॉइंट वीस.

मला खुलासा द्यायला बोलावलं आहे, सोमवारी.
तोवर वही माझ्याकडेच.
आज सहाला गेलो. पट्टी चमकत होती,
एक बगळा तिच्याकडे बघत उभा होता, मासा मोजल्यासारखा.
पातळीच्या रकान्यात
एकवीस वर्षांत पहिल्यांदा आकडा न लिहिता
मी लिहिलं, वाळू.
पेनाने.
पेन परत द्यायचं राहिलंय.