दुसऱ्यांच्या घरचा धूर

वाचनालयाच्या तळघरात दर मंगळवारी
मी एक टेबल, एक प्रिंटर आणि
लिंबाच्या गोळ्यांची बशी मांडून बसते.
उत्तर मेनमध्ये डिसेंबर लागला की
लोकांच्या हातात दोनच गोष्टी दिसतात,
बर्फाचं फावडं आणि विम्याचं पत्र.

एव्हरेट थिबोडो. वय बासष्ट.
धुराडी साफ करतो, एकोणचाळीस वर्षं.
टोपी काढली तरी कपाळावर
काजळीची रेघ तशीच राहिली,
टोपीचा मुक्काम सांगत.

"स्वस्तातलं बघ," तो म्हणाला,
"पण अगदीच स्वस्त नको.
मागे तसा घेतला होता,
आणि लोरेटचं मनगट मोडलं तेव्हा कळलं
की आपण छत्रीचा नुसता दांडा घेऊन फिरतोय."

तंबाखू ओढता का?
हा सोपा प्रश्न. इथे कुणी अडत नाही.
तो अडला.
"मी नाही ओढत. पण
दुसऱ्यांच्या घरचा धूर
धरायचा का हिशेबात?"
तसा रकाना नव्हता.
मी 'नाही'वर खूण केली
आणि तो खोकला, लांबलचक,
बशीतल्या गोळीकडे हात नेत.

पुढल्या वर्षी किती कमवाल?
त्यानं कोटाच्या आतून वही काढली,
रबर लावलेली, कडा काळ्या.
उलेट बाई: दोन धुराडी, त्यातलं एक बंद.
गॅनन बंधू: हीट पंप बसवला. काट.
चर्चमागची म्हातारी: पैसे नाहीत,
ब्लूबेरी जॅमच्या सहा बाटल्या.
"जॅम उत्पन्नात धरतात का?"

हिवाळा कडक गेला तर कमाई वर,
म्हणजे सरकारी मदत खाली.
मवाळ गेला तर उलटं.
"मग मी रविवारी चर्चमध्ये मागू काय?"
मी एकतीस हजार लिहिलं.
तो आकड्याकडे बघत राहिला,
अनोळखी माणसाला आपलं नाव लावलेलं बघावं तसा.

मग योजना. कांस्य, चांदी, सोनं;
जणू आम्ही सराफाच्या पेढीवर बसलो होतो
आणि मुलगी लग्नाची होती.
कांस्याचा हप्ता हलका,
पण आजारपणाचे पहिले साडेसात हजार डॉलर आपले.
सोनं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
चांदीवर आम्ही बराच वेळ रेंगाळलो.
"पासष्टाला मेडिकेअर मिळेल," तो म्हणाला,
"तीन हिवाळे काढायचेत.
लोरेटला चार.
डॉक्टर पेलतिए आहेत ना यात? तिचं हृदय तेच बघतात."

मी शोधलं. स्पेलिंग बदलून शोधलं.
गावाच्या नावानं, पिनकोडनं शोधलं.
"या यादीत नाहीत."

"माझ्या यादीत आहेत,"
आणि त्यानं वहीचं पान उलटून माझ्यापुढे सरकवलं.
पेलतिए, मिल रोड. विटांचं धुराडं, वरून तिसरी वीट सैल.
एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून दर ऑक्टोबर.
एका वर्षी आत घारीचं घरटं निघालं होतं,
तेही टिपलेलं.
"त्यांच्या घराला आग लागू नये,
हे मी बघतो," तो म्हणाला. रागानं नाही.
हवामान सांगावं तसं.

मला काय बोलावं सुचेना.
मी दुसरी चांदी उघडली, दुसऱ्या कंपनीची,
पेलतिए होते, हप्ता महिना एकशे चाळीसनं जास्त,
आणि तो ओठ हलवत
एकशे चाळीसला धुराड्यांनी भागत होता,
तेवढ्यात पडदा पांढरा झाला.

बराच वेळ काही हालचाल नसल्यामुळे
आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.

वर कुणीतरी पायपुसण्यावर बूट आपटले.
त्यानं वही मिटली नाही,
रबर मनगटात अडकवला, खुर्ची पुढे ओढली.
"चल," तो म्हणाला, "पुन्हा घे.
थिबोडो. शेवटी ए, यू, एक्स नाही.
आणि तंबाखू, नाही."