उरेब

सोळा वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेते.
विक्रोळी, कन्नमवार नगर, तळमजला,
दारावर पाटी: शालन ब्लाउज सेंटर.
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर,
सगळं वहीत, पेन्सिलीनं,
कारण अंगं बदलतात.

आमचं माप कुणी घेतलं नव्हतं.
लग्न ठरताना एवढंच म्हणाले, जोडा जरा उंचसखल आहे,
ती पावणेपाच फूट, तो सहाच्या वर दोन इंच,
फोटोत पाटावर उभी करू.
पाटानं फोटो निभावला.

नाव दिगंबर, आणि दिवा मालवल्याशिवाय
शर्टाचं बटण काढायचा नाही.
अंधारात मी दात आवळून पडून राहायची.
दुखायचं. खोल, बेंबीच्या खाली,
कुणी घाईनं दार ठोठावावं
आणि दारापलीकडे खोलीच नसावी, तसं.

थोरल्या जावेला सांगितलं.
गवार मोडता मोडता ती हसली,
"नशीब काढलंस गं, आमच्याकडे शोधावं लागतं."
मावशी म्हणाली, एक मूल झालं की जागा होते.
मूल झालं. सिझर करून.
जागा तेवढीच.

"दुखलं?"
"नाही."
त्या वर्षांतलं आमचं हे एवढंच बोलणं.
मग तो विचारेनासा झाला,
मग गॅलरीत पथारी टाकू लागला, उकडतं म्हणून,
डिसेंबरात.
त्याच्या कारखान्यात ज्याची फुशारकी मारतात
त्याचीच लाज धरून
एवढा मोठा माणूस
गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला.

घाटकोपरच्या दवाखान्यात डॉक्टर खटावबाईंनी
तपासून हातमोजे काढले, त्याला आत बोलावलं.
भिंतीवरच्या गुलाबी चित्रावर पेन ठेवून म्हणाल्या,
दोष कुणाचाच नाही.
गर्भाशयाचं तोंड हिचं जरा खाली आहे, आणि तुम्हाला घाई आहे.
ती तयार होईपर्यंत थांबा. जेल लिहून देते.
कोन बदला.
आणि किती, कुठवर, ते हिला ठरवू द्या.
तो पंख्याखाली मान वाकवून उभा,
शाळेत उभं केल्यासारखा.

बसमध्ये आम्ही आपापल्या खिडकीतून बघत आलो.

रात्री पोरगी झोपल्यावर मी कापायला बसले.
"इकडे या. हे धरा. उभं ओढा."
आलं नाही.
"आडवं."
नाही.
"आता तिरकं. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे."
कापड त्याच्या जाड बोटांत लांबत गेलं.
"याला उरेब म्हणतात. कापड तेच आहे."
तो बराच वेळ ओढत बसला, सोडत बसला.
मग खाली बघून,
"आणि कोरं असेल तर?"
"आधी भिजवायचं. निवांत. घाईत शिवलेलं मागाहून आटतं."
कान लाल झाले त्याचे.
मला चेव आला. "आणि शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीची सोडतात ना,
पुढं सैल करता यावं म्हणून,
तिला म्हणतात..."
"माया," तो म्हणाला. "माहीत आहे.
गिऱ्हाइकाला रोज ऐकवतेस."

त्या रात्री मशीनचा छोटा दिवा चालू ठेवला.
मी वर. माझं माप मीच घेतलं,
बोटाबोटानं.
थांबा म्हटलं की तो थांबे, श्वाससुद्धा धरून.
मग त्याचा पाय कपाटाला लागला,
वरची बॅग धाडकन खाली,
पोरगी कूस बदलून काहीतरी पुटपुटली,
आणि आम्ही एकमेकांच्या तोंडावर हात दाबून
हसत राहिलो.
अर्धवटच राहिलं ते.
पण दुखलं नव्हतं.

अजूनही काही रात्री जमत नाही.
पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस तर नाहीच.
तेव्हा हात असतात, वेळ असतो.
वहीच्या शेवटच्या पानावर
गिऱ्हाइकांना कळणार नाहीत अशा खुणा आहेत,
खोडून पुन्हा केलेल्या.

काल त्यानं विचारलं, "दुखलं?"
म्हटलं, "थोडं.
डावीकडे सरका."