सहावा पेला

दुर्मुशने इंजिन बंद केलं
तेव्हा कळलं, इतका वेळ आवाज होता.
आता नुसतं शिडाचं कापड,
तेही अर्धवट जागं.
वारा आला तर आला.

उचाअझहून निघालो तेव्हा उन्हं कोवळी होती.
आता बेटाच्या पाठीवरल्या बकऱ्या
सावलीसाठी खडकांना चिकटल्यात.
पोरगा इल्काय सुकाणूवर पाय टाकून
ऑलिव्हच्या बिया थुंकतोय पाण्यात,
एक,
मग बऱ्याच वेळाने दुसरी.

डाव्या हाताला भिंत, अर्धी कोरडी,
आणि तिच्या कुशीतून उतरणारा जिना :
पाच पायऱ्या उन्हात, सहावीवर शेवाळ,
सातवीपासून मासे.
"भूकंप," दुर्मुश म्हणतो, एवढंच,
शेजारच्या कुलपाबद्दल सांगावं तसं :
गेलेत कुठेसे.

उथळात एक दगडी शवपेटी उभी,
गुडघाभर पाण्यात,
झाकण पालथ्या होडीसारखं.
दुर्मुशचा बाप म्हणायचा,
हिवाळ्यात होड्या पालथ्या घालतात डांबर लावायला;
यांचा हिवाळा जरा लांबलाय.

चहा आला. कमरेत बारीक सहा पेले.
मी माझा ठेवला कठड्यावर,
ठेवू नये तिथे.
कुठल्याशा लांबच्या जहाजाची
उरलीसुरली लाट आली,
आणि गेला.

पाणी इतकं नितळ
की जाताना सगळा दिसला :
आधी त्याच्यातून चहा सुटला, तपकिरी धुरासारखा,
मग तो डुलत डुलत, रमतगमत,
जाऊन बसला एका उंबऱ्यावर.
उभाच्या उभा.

इल्काय सदरा काढून कठड्यावर चढलाही.
दुर्मुशने नुसती मान हलवली.
इथे बुडी मारायला बंदी आहे, सरकारची,
आणि तिच्याहून जुनी, त्याच्या आईची :
लोकांच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये.

संध्याकाळी धक्क्यावर नाझिरेने
पेले विसळले, फडक्यावर उपडे घातले,
मोजले. पुन्हा मोजले.
"पाचच?"
दुर्मुश दोर गुंडाळत होता.
"एक शेजारी दिला."

कुठल्या शेजारी, ते तिने विचारलं नाही.
उरलेली बशी हातात घेऊन
थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली,
मग पुटपुटली,
"बशी तरी द्यायची बरोबर."