रकाना सात

केप्याला, सहकारी सोसायटीच्या माडीवर,
रविवारी सकाळी साडेनऊला.
खाली काजूबिया तोलतात,
बोंडांचा आंबूस वास जिना चढून
आमच्याबरोबर वर येतो
आणि काळ्या कोटांत जाऊन बसतो.

कोट नऊ. मुलं तेवीस.
पाळी आली की घालायचा,
मुलाखतीचा सराव करायचा,
घामासकट पुढच्याला द्यायचा.
माझ्या अंगावर आला त्याच्या खिशात
कदंबचं जुनं तिकीट:
काणकोण ते मडगाव, विद्यार्थी सवलत.

भिंतीवर कापडी फलक,
आदिवासी विधी विद्यार्थी मेळावा.
'विद्यार्थी'ची शेवटची वेलांटी
कुणीतरी मागाहून पेनानं लांबवलीय.

नेत्रावळीची रोहिता आलीय, बार्शेचा गुणो,
आणि चांदरची फिलोमेना गावडे,
जिच्या पणजोबांनी नि आमच्या पणजोबांनी
कधीकाळी एकाच मांडावर नारळ ठेवला असेल.
आता ती कपाळावर क्रूस करते
आणि वही उघडते.
वहीत पोर्तुगीज शब्द, शेजारी अर्थ:
इन्व्हेंतार. कोमुनिदाद. आफ्रामेंत.
म्हणते, ह्याच शब्दांनी जमीन गेली,
तर परत मागायची ती ह्याच शब्दांनी.
उच्चार तेवढे नीट हवेत.

पणजीहून आलेले ॲडव्होकेट सावर्डेकर
पाण्याची बाटली सरकवून सांगतात,
ओळखी वाढवा. आपल्या पेशात
ओळख हेच भांडवल.
मी मनात मोजते.
मामलेदार कचेरीतला शिपाई, ओळखीचा,
गेली नऊ वर्षं बाबांना
'उद्या या' म्हणतो तो.
झेरॉक्सवाला, उधार ठेवतो.
एक टायपिस्ट, वारली मागच्या साली.

मग अर्ज वाटले. उन्हाळी प्रशिक्षणासाठी.
नाव, तालुका, टक्के, भाषा
भरभर भरत गेलो
आणि सातव्या रकान्याशी
सगळी पेनं थांबली.
कुटुंबातील कोण व्यक्ती विधिक्षेत्रात आहे?
पंखा करकरला.
खाली कुणीतरी ओरडलं, बावीस किलो, ओली आहे ही!
मी एक आडवी रेघ मारली.
रोहितानंही. फिलोमेनानंही.

गुणो मान वर न करता विचारतो,
प्रतिवादीतला 'ति' ऱ्हस्व ना?
कशाला रे?
बाबा. मुंडकार केस. अठरा वर्षं झाली.
क्षेत्रातच आहे ना तो?
माझ्यापेक्षा जास्त तारखा बघितल्यात त्यानं.

हसू फुटलं ते आधी मागच्या बाकावर,
मग सावर्डेकरांनाही आवरेना,
मग अचानक कुणालाच येईना.
कारण रोहितानं रेघ खोडून लिहिलं होतं,
आई, साक्षीदार. आटलेली झर. खाण.
फिलोमेनानं, काका, अर्जदार, मयत.
आणि मी लिहिलं
बाबा. तीन वकालतनामे. अंगठा.
लिहिल्यावर वाटलं जागा कमी पडली,
समासात अजून एक ओळ घातली,
चौथा वकील फोन घेत नाही.

चंद्रावती वेळीप, केपे कोर्टातल्या
आमच्यातल्या एकमेव,
गठ्ठा हातात घेऊन पानं उलटत राहिल्या.
हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
चष्मा काढून पुसला, परत लावला.
खाडाखोड चालेल, म्हणाल्या,
पण जिथं खोडलंय तिथं बाजूला सही करायची.
सवय आत्तापासून लागू दे.

तेवीसजण परत वाकलो.
कुणाची सही लांबलचक, कुणाची अजून शाळेतली,
गुणोची तर नुसतं नाव, सुटी सुटी अक्षरं.

जेवणाला पातळ भाजी, पाव, एकेक केळं.
सावर्डेकरांनी गुणोला आपलं कार्ड दिलं,
त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं
आणि ठेवायला खिसाच सापडेना.
मी कोट उतरवून पुढच्या मुलीला दिला,
तिकीट काढलं नाही, राहू दे म्हटलं.
पाडीची दीडची बस तोवर गेली होती.
पुढची चारला.
खाली तोलाईवाला म्हणाला,
बस की बाकड्यावर, वकीलबाई.
मी वळून बघितलं,
मागं कुणीच नव्हतं.