तारीख आणि वार

पहाटे साडेचारला, सोहारच्या इस्पितळामागे
पिवळ्या पिशव्यांचं वजन होतं.
त्या वेळीही चौतीस अंश.
समुद्र दिसत नाही, पण काट्याच्या काचेवर त्याची वाफ;
पुसल्याशिवाय आकडा लागत नाही.
मोफज्जल वाचतो, मी लिहिते.

आईनं मिरजेत सांगून ठेवलंय, पोरगी पर्यावरणात आहे.
म्हणजे झाडं लावते का, शेजारणी विचारतात.
आई म्हणते, हो.

मी सुयांचे डबे मोजते.
केमोच्या जांभळ्या पिशव्यांची गाठ ओढून बघते.
कुणी पाऱ्याचा जुना थर्मामीटर कचऱ्यात टाकला
तर तीन मजले चढून त्याला शोधते.
मला येताना पाहून नर्सा आवाज खाली करतात.

मंगळवारी प्रसूतिकक्षातून निघाले बेचाळीस किलो सहाशे.
भट्टीच्या दारात भरले बेचाळीस.
काटा सोमवारीच तपासलेला, मीच तपासलेला.
पिशवी गळती नव्हती.
त्या वॉर्डात सहाशे ग्रॅमची एकच गोष्ट असते.

सिस्टर लिंसी खिडकीबाहेर बघत राहिली.
मोफज्जलनं हातमोजे काढले, परत घातले,
मग म्हणाला, शिनासची बलुची बाई होती, मॅडम.
नात झाली तिला.
हलव्याचा रिकामा डबा घेऊनच आली होती.
वार मागितली. मी दिली.
माझ्या गावीपण पुरतात.

कायदा नाही म्हणत नाही.
फॉर्म क्रमांक सतरा: दफनासाठी नातेवाइकांच्या ताब्यात.
पूर्ण गठ्ठा सापडला, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेला,
माझ्याच कपाटात,
मीच ठेवलेला.

रात्री आईला फोन केला.
माझी नाळ कुठे पुरली गं?
मंडळाच्या कार्यक्रमात पाहुणे दरवर्षी विचारतात,
जिथं नाळ पुरली ती माती आठवते ना,
आणि आम्ही सगळे एसीत बसून मान डोलावतो.
आई म्हणाली, कोण जाणे.
आयानं बादलीत टाकली.
मागच्या अंगाला डुकरं फिरायची तेव्हा.
हे काय विचारतेस आता? जेवलीस का?

मागची तारीख घालून सही करणं म्हणजे काय,
हे मी दर तीन महिन्यांनी शिकवते.
स्लाइड नंबर नऊ. लाल अक्षरात.
मोफज्जल पहिल्या रांगेत बसतो.
त्याचा व्हिसा इस्पितळाच्या हातात,
माझाही.

गुरुवारी ड्यूटीनंतर गाडी काढली, उत्तरेला.
उजवीकडे मासे वाळत घातलेले, पुढे बागा.
दार उघडलं तिनंच. छातीवरचा बिल्ला बघितला,
हातातला कागद बघितला,
आणि न बोलता अंगणात जाऊन
कागदी लिंबाच्या झाडापुढे उभी राहिली,
दोन्ही हात मागे, बुंध्याला टेकवून.

आळ्यातली माती ओली होती.
वर एक सपाट दगड, कुत्र्यांसाठी.

परत न्यायला नाही आले, म्हटलं.
तिच्या उर्दूत आणि माझ्या हिंदीत
एवढं वाक्य बसायला वेळ लागला.
आत मूल रडत होतं, कुणीतरी त्याला उचललं.
मग तिनं अंगठा पुढे केला.

शाई कोरडी पडत आलेली. दोनदा दाबावा लागला.
तारीख आजचीच घातली.
शेऱ्यात लिहिलं: नोंद उशिरा. चूक माझी.
शेजारच्या चौकटीत वार लिहायचा होता.
पेन थांबला तिथं.
मग लिहिलं, गुरुवार.

ऑडिटर विचारेल, दोन दिवस कुठे होते सहाशे ग्रॅम?
बघू.

निघताना तिनं चार लिंबं ओंजळीत टाकली.
भेटी स्वीकारू नयेत, हा नियम आहे, पान बारा.
सिग्नलला ती डॅशबोर्डवरून गडगडत
माझ्या मांडीवर आली.