कोड नव्याण्णव

उजव्या हाताचा नियम असा, की
चौकातून उजवीकडे वळायचं
आणि दर चौथं दार वाजवायचं.
तिसऱ्या दारातली बाई आपणहून विचारते,
"काय आहे हो?"
तिला नाही विचारायचं.
चौथ्याला कुलूप.
मग पुन्हा चार.

सकाळी मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावते,
दोनला सुटते, अडीचला पवननगरला उतरते.
गळ्यात ओळखपत्र. त्यातला फोटो
माझ्यापेक्षा जरा जास्त विश्वासू.
पूर्ण फॉर्मला पंचाहत्तर, अर्धवटाला शून्य,
बसचं तिकीट आपलं आपण.

"ही पावडर वापरून तुम्हाला
खूप समाधान, थोडं समाधान,
समाधानही नाही, असमाधानही नाही..."
हिरकणबाई आहिरे चष्मा शोधतात,
कार्ड ओट्यावरच्या उन्हात नेऊन वाचतात,
म्हणतात, समाधान काय गं पावडरीचं,
दोन वर्षांनी काल सून फोनवर बोलली,
ते कुठं लिहितेस सांग.
रकाना नव्हता.
चहा मात्र पाचापैकी पाच.

गिरासे सरांनी शिकवलंय,
सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही.
"अजून काही?" म्हणायचं आणि थांबायचं.
थांबणं हेच काम.
परवा मुलगा शाळेतून आला, दप्तर न काढता बसला.
मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, काही नाही.
मी म्हटलं, अजून काही?
आणि थांबले. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत.
सहलीला नाव नाही दिलं, म्हणाला,
नऊशे आहेत.
नऊशे म्हणजे बारा दारं.
कुलपं धरून चाळीसेक.

जेलरोडला गायधनी काका,
प्रेसमधून रिटायर. सगळं भरभरून सांगितलं,
साबण, टूथपेस्ट, बायकोचा गुडघा.
उत्पन्नाचं कार्ड पुढं केलं तसे गप्प.
"ताई, पस्तीस वर्षं कोऱ्या नोटा हाताखालून गेल्या,
सुटताना रोज झडती.
पैशाचा आकडा तोंडातून काढायची
सवयच राहिली नाही."
सांगू इच्छित नाही : कोड नव्याण्णव.
मी गोल केला. पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

मे महिन्यात एकदा सातपूरला
तीन फॉर्म कमी पडले.
बंद शाळेच्या पायरीवर बसून मी चौथं दार
स्वतःच तयार केलं.
बाई, वय चौतीस. नाव मंदाकिनी.
तिला गॅलरी दिली, वॉशिंग मशीन दिलं,
चहात आलं आवडतं असं ठरवलं,
आणि उत्पन्नाचा सगळ्यात वरचा गट.
छान जमत होती.
पण खात्री करायला ऑफिसातून फोन येतो,
नंबर माझाच द्यावा लागला असता
आणि मला तिच्यासारखं बोलता आलं नसतं.
फॉर्म फाडला.
मंदाकिनीची तेवढी आठवण येते अधूनमधून.

गेल्या रविवारी आमच्या दारावर टकटक.
पाठीला सॅक, गळ्यात तसंच ओळखपत्र,
चपलेचा अंगठा तुटलेला.
आमचं दार चौथं, मी मोजून पाहिलं.
पहिला प्रश्न मला पाठ आहे :
घरात कुणी जाहिरात किंवा बाजार-संशोधनात आहे का?
हो म्हटलं, की आभार मानून थांबायचं.
साडेबारा वाजले होते. ऊन.
मी म्हटलं, नाही.
आत ये, पाणी घे आधी.

चाळीस मिनिटं मला कुणीतरी
मला काय वाटतं ते विचारत होतं.
मधे कधीतरी मी खुर्चीत नीट मागं टेकून बसले.
मग कार्ड आलं, उत्पन्नाचं.
खालून दुसऱ्या गटावर बोट ठेवलं.
उचललं.
म्हटलं, नव्याण्णव कर.

तिनं वर पाहिलं.